रंग आठवतो, काठही आठवतो, पण कुठल्या साडीचा कुठला?

जुई_कर्वेनगर

लग्नसराईत लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात बस्ता चालू असताना हा संवाद ऐकायला मिळतो. "मघाची ती दाखवा ना, मोरपंखी अंगाची, राणी काठाची." विक्रेता ढिगातून साडी उपसतो. ती निघते राणी अंगाची, मोरपंखी काठाची. "हीच होती ताई." "छे हो, ही नव्हे." आणि मग सोबत आलेल्या तिघी तीन तऱ्हेच्या साड्या आठवतात.

या चुकीत लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. दोन्ही रंग खरोखर दाखवलेले असतात. न दाखवलेला रंग सहसा कुणी सांगत नाही. रंग टिकतात, त्यांची जोडी सुटते. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. व्हिज्युअल वर्किंग मेमरी, म्हणजे नजरेसमोरून गेलेली गोष्ट पुढचे काही सेकंद मनात धरून ठेवणारी स्मृती, हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. म्हणून हा धागा.

आपल्याला साडी एकसंध दिसते. पण रंग, रेषेची दिशा, हालचाल यांचं काम मेंदूत बऱ्याच अंशी वेगवेगळ्या भागांत होतं. मग हे गुण पुन्हा एका वस्तूला कोण चिकटवतं? अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी 1980 साली मांडलं की हे काम लक्ष करतं. लक्ष ज्या जागेवर पडतं तिथले गुण एकत्र बांधले जातात. 1982 मध्ये ट्रीझमन आणि हिलरी श्मिट यांनी याचा फार सुंदर पुरावा दिला. रंगीत अक्षरं क्षणभर दाखवायची, दोन्ही बाजूंना एकेक आकडा ठेवायचा आणि आधी आकडे सांगायला लावायचे. लक्ष आकड्यांवर अडकलं की लोक लाल 'एक्स' आणि निळा 'टी' यांची अदलाबदल करून मोकळे होत, आणि तसंच पाहिलं असं खात्रीने सांगत.

हे झालं बघण्याबद्दल. बघून झाल्यावर काय उरतं, यावर 1997 साली 'नेचर'मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगल यांचा लेख आला. पडद्यावर रंगीत चौकोन 100 मिलिसेकंद दाखवायचे, जवळजवळ सेकंदभर पडदा कोरा, मग पुन्हा चौकोन. काही बदललं का, एवढंच सांगायचं. तीनपर्यंत लोक जवळपास चुकत नाहीत, चारपासून घसरण सुरू होते. मग त्यांनी गुण वाढवले: एकाच पट्टीला रंग, दिशा, आकारमान आणि मध्ये फट आहे की नाही. चार पट्ट्यांचे मिळून सोळा गुण, तरी कामगिरी तशीच! त्यांचा निष्कर्ष असा की स्मृती वस्तू मोजते, गुण मोजत नाही. वस्तू आत आली की तिचे सगळे गुण फुकटात येतात.

हे वाचायला छान वाटतं, पण साडीच्या दुकानातली चूक यात बसत नाही. वस्तू अख्खी साठत असेल तर अंग आणि काठ यांची फारकत व्हायलाच नको.

आणि ही शंका खरी ठरली. त्याच लेखात एका चौकोनात दुसरा चौकोन असे दोनरंगी चौकोन होते. म्हणजे आपलं अंग आणि काठच म्हणा. लक-व्होगल म्हणाले, दोन रंगांनी काही फरक पडत नाही. 2002 मध्ये मेरी व्हीलर आणि ट्रीझमन यांनी हे तपासलं, तर फरक पडला. एकाच वस्तूवर दोन रंग आले की ते एकमेकांची जागा खातात. रंग आणि दिशा असे वेगळ्या जातीचे गुण मात्र तेवढे भांडत नाहीत. शिवाय सगळं चित्र पुन्हा दाखवून "जोड्या बदलल्या का?" विचारलं तर लोक जास्त चुकत. एकच वस्तू दाखवून विचारलं तर कमी.

मला यातून पटलेलं मत सांगते. 'काय काय होतं' ही एक आठवण आणि 'कशासोबत काय होतं' ही दुसरी. दुसरी जास्त नाजूक. तिला टिकायला एक आधार लागतो, तो म्हणजे जागा.

इथे कापडाच्या धंद्यातलं कुणी असेल तर जरूर लिहा. तुम्हाला रोज दिसणाऱ्या गोष्टी प्रयोगशाळेपेक्षा कमी मोलाच्या नाहीत.

काठपदर

ताई, आमचं दुकान पेठेतच आहे, वडिलांपासून. तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं. पण चूक कधी होते तेही सांगतो.

गादीवर पांढरी चादर असते. आम्ही घडी उलगडतो, पदर सोडतो, काठ वर करून दाखवतो. गिऱ्हाईक "पुढची" म्हणालं की दुसरी त्याच्यावरच टाकतो. तिसरी तिच्यावर. असा ढीग झाला की गोंधळ ठरलेला. पहिल्या दोन-तीन साड्या तर कुणालाच धड आठवत नाहीत, शेवटची मात्र बरोबर सांगतात.

आमचे जुने कारागीर विक्रेते वेगळं करायचे. गिऱ्हाइकाची नजर जिथे जरा थांबली ती साडी ढिगात जाऊ द्यायची नाही. एक डाव्या हाताला, एक समोर, एक उजवीकडे, काठ बाहेर येईल अशी घडी घालून. तीनच, फार तर चार. मग गिऱ्हाईक बोटाने दाखवून "ही का ती" करतं आणि निर्णय लवकर होतो. वडील सांगायचे, पाचवी मांडली की पहिली उचला. असं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसरं, मॅचिंगचं. ब्लाऊजपीस घ्यायला येताना साडी आणाच असं आम्ही सांगतो. "डोळ्यासमोर आहे हो रंग" म्हणणाऱ्यांचा रंग हमखास चुकतो, चिंतामणी रंगात तर जास्तच. साडी आणली तरी कापड ट्यूबलाइटखाली न बघता दुकानाच्या पायरीवर उजेडात धरून बघायचं.

जुई_कर्वेनगर

काठपदर, तुमच्या प्रतिसादात दोन शोधनिबंधांचा ऐवज आहे, अगदी मनापासून सांगते.

पहिला: रिचर्ड अ‍ॅलन, अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच, 2006. रंगीत आकार एकदम न दाखवता एकामागून एक दाखवले, तर शेवटच्याची रंग-आकार जोडी शाबूत राहते, आधीच्यांच्या जोड्या विस्कटतात. सुटा रंग किंवा सुटा आकार त्या मानाने तग धरतो. नवी वस्तू आली की जुनीची जोडणी पुसली जाते. "पहिल्या दोन-तीन आठवत नाहीत, शेवटची बरोबर सांगतात" हे तुम्ही लिहिलंत ते हेच.

दुसरा तर तुमच्या ढिगाचाच आहे. योनी पर्त्सोव्ह आणि मसूद हुसेन, 2014. एकामागून एक पट्ट्या दाखवल्या. काही वेळा प्रत्येक पट्टी वेगळ्या जागी, काही वेळा दोन पट्ट्या एकाच जागी. जागा एक झाली की एकीचा गुण दुसरीला चिकटण्याचं प्रमाण वाढलं. इतर एखादा गुण सामायिक असला तर तसा फटका बसत नव्हता. जागेचं महत्त्व वेगळंच आहे.

म्हणजे साडीवर साडी टाकली की दोन्ही गोष्टी एकदम होतात: नवी साडी जुनीची जोडी पुसते, आणि जोडी ज्या खुंटीला अडकवायची ती जागाही सगळ्यांची एकच. तुमच्या वडिलांनी डावीकडे, समोर, उजवीकडे मांडून प्रत्येक साडीला स्वतःची जागा दिली. आणि चारची मर्यादाही पाळली.

सिंहगड_रोड

चांगला धागा. दोन शंका.
१) एका वेळी लक्षात राहणाऱ्या गोष्टी सात, अधिक-उणे दोन असं आम्ही शिकलो होतो. हे चार कुठून आलं?
२) हे सगळं नुसतं लक्ष नसण्याचं नाही का? बस्त्यात दहा जणी बोलत असतात, मूल रडत असतं, चहा येतो. लक्ष विचलित झालं की जोडी सुटणारच. त्यासाठी 'जोडीची वेगळी आठवण' कशाला हवी?

जुई_कर्वेनगर

सात हा आकडा जॉर्ज मिलर यांच्या 1956 च्या लेखातला. तिथे आकडे, शब्द अशा गोष्टी होत्या, ज्या मनात पुटपुटता येतात, गटागटाने बांधता येतात. ते मार्ग बंद केले की किती उरतं, याचा आढावा नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये घेतला आणि उत्तर चारच्या आसपास आलं. लक-व्होगल यांनीही लोकांना मनात दोन आकडे धरून ठेवायला लावले होते, म्हणजे "लाल, निळा, हिरवा" अशी घोकंपट्टी करता येऊ नये. आपल्याकडे अबोली, शेवाळी, डाळिंबी अशी नेमकी नावं तोंडात असलेल्या बायका दुकानात जास्त लक्षात ठेवतात. तो शब्दांचा आधार, नजरेचा नव्हे.

दुसरी शंका मोलाची आहे. अ‍ॅलन, बॅडली आणि हिच यांनी नेमकं हेच तपासलं. लोकांना मोठ्या आकड्यापासून उलटं मोजायला लावलं आणि त्याच वेळी रंगीत आकार लक्षात ठेवायला सांगितले. कामगिरी घसरली, पण सगळ्याचीच सारखी घसरली. जोडी खास जास्त सुटली नाही. म्हणजे नुसत्या गडबडीने सगळंच थोडं पुसट होतं. जोडीला विशेष धक्का बसतो तो पुढची वस्तू आल्याने. ट्रीझमनबाईंचं मत लक्षाच्या बाजूने जास्त झुकणारं होतं. हा वाद अजून जिवंत आहे. माझा कल बॅडलींकडे.

वनाझ_ते_रामवाडी

सॉफ्टवेअरवाल्याचा प्रश्न. डेटा दोन प्रकारे ठेवता येतो. एक, प्रत्येक साडीची एक नोंद, तिच्यात अंग, काठ, बुट्टी सगळं. दोन, रंगांचं एक टेबल, नक्षीचं दुसरं, आणि दोन्हींत जागेचा क्रमांक ही सामायिक किल्ली. जुईताई म्हणतायत ते दुसरं ना? आणि किल्लीच धूसर झाली तर चुकीची ओळ उचलली जाईल, पण ओळ खरीच असेल. असंच दिसतं का प्रयोगांत?

आणि एक, "चार" म्हणजे चार खणच आहेत, की एकूण काहीतरी मर्यादित आहे आणि ते वाटून दिलं जातं?

मज्जापेशी

मी न्यूरोसायन्सची विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

"बदललं का, हो की नाही" या पद्धतीत आठवण किती बारीक आहे ते कळत नाही. म्हणून रंगचक्र वापरायला लागले: "या जागेवरचा रंग नेमका कुठला होता, चक्रावर दाखवा." 2008 मध्ये झांग आणि लक यांनी खणांची बाजू मांडली. तीनेक वस्तूंपर्यंत अचूकपणा कमी होत जातो, मग घसरण थांबते आणि उरलेल्या वस्तूंबद्दल निव्वळ अंदाज. त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये पॉल बेज आणि मसूद हुसेन म्हणाले, खण नाहीतच. मर्यादित साधन आहे ते वाटलं जातं. एक वस्तू वाढली तरी सगळ्याच थोड्या धूसर होतात, आणि महत्त्वाच्या वस्तूला जास्त वाटा मिळतो.

2009 मध्ये बेज आणि सहकाऱ्यांनी तुमचा 'चुकीची ओळ, पण खरी ओळ' हा प्रकार दाखवला. ज्या उत्तरांना निव्वळ अंदाज समजलं जात होतं, त्यांतली बरीच अंदाज नव्हतीच. माणूस शेजारच्या वस्तूचा रंग अगदी नीट सांगत होता. यांना स्वॅप एरर म्हणतात. वस्तू वाढल्या की या चुका वाढतात. मला हा निकाल वाचताना भारी वाटलं होतं, कारण विसरण्यातही एक शिस्त दिसते.

2011 मध्ये फूनी आणि अल्वारेझ यांनी एकाच वस्तूचा रंग आणि दिशा, दोन्ही विचारले. रंग साफ गेला असूनही दिशा बरोबर सांगता येते, आणि उलटही. वस्तू एकाच नोंदीत असती तर दोन्ही एकदम जायला हवे होते. श्नीगन्स आणि बेज यांचं 2017 चं मॉडेल तर तुमच्या दुसऱ्या प्रकारासारखंच आहे: रंग जागेशी बांधलेला, दिशा जागेशी बांधलेली, रंग-दिशा थेट बांधलेले नाहीत.

पुरावा रुग्णांकडूनही आहे. दोन्ही बाजूंच्या पॅरायटल, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला इजा झालेला एक रुग्ण होता, निबंधात त्याला 'आर. एम.' म्हटलंय. फ्रीडमन-हिल, रॉबर्टसन आणि ट्रीझमन यांनी 1995 मध्ये त्याच्याविषयी लिहिलं. त्याला वस्तू कुठे आहे ते सांगता येत नसे. समोर दोन रंगीत अक्षरं, आणि बघायला दहा सेकंद दिले तरी तो रंगांची अदलाबदल करायचा. दहा सेकंद! जागा हरवली की जोडी बघतानाच सुटते, आठवणीपर्यंत जावंच लागत नाही.

2004 मध्ये टॉड आणि मारवा यांनी एफएमआरआयने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनने, त्याच भागातली एक खाच, इंट्रापॅरायटल सल्कस, दाखवली. तिथली सक्रियता लक्षात ठेवलेल्या वस्तूंबरोबर वाढते आणि तीन-चारला थांबते. पण रेषेची नेमकी दिशा कुठे टिकते? हॅरिसन आणि टोंग यांनी 2009 मध्ये पडदा कोरा असताना मेंदूच्या मागच्या, अगदी सुरुवातीच्या दृष्टिकेंद्रांमधून ती वाचून दाखवली. म्हणजे तपशील तिथे, आणि किती वस्तू, कुठे, याचा हिशेब पॅरायटलमध्ये, असं चित्र हळूहळू उभं राहतंय. या दोन ठिकाणांचा मेळ नक्की कसा बसतो, यावर अजून काम चाललंय.

चिंचवडची_स्वाती

मला रोज अलका चौकात हा अनुभव येतो. आरशात बघते, मागे दोन गाड्या, एक लाल, एक पांढरी, एकीचा इंडिकेटर चालू. नजर समोर आणते आणि कुणाचा इंडिकेटर होता ते खात्रीने सांगता येत नाही. पुन्हा बघावंच लागतं.

तुळशीबागेत जाताना मंडईजवळ लावलेली गाडी कुठे ते विसरणं, तेही हेच का?

जुई_कर्वेनगर

इंडिकेटरचं उदाहरण नेमकं आहे. पुन्हा बघणं हाच त्यावरचा बरोबर उपाय, ती सवय सोडू नका. आरशात डावी-उजवी बाजू आणि प्रत्यक्षातली बाजू जुळवावी लागते, त्यामुळे जागेची खुंटी आधीच सैल असते. (हे शेवटचं वाक्य माझं अनुमान आहे.)

गाडी कुठे लावली, हे दीर्घकालीन स्मृतीचं काम. दोन तासांत वर्किंग मेमरी कितीदा तरी रिकामी होऊन भरलेली असते. कालची जागा आणि आजची जागा यांची सरमिसळ होते, पण ती यंत्रणा वेगळी.

सातारारोड_अनामिका

विषय थोडा वेगळ्या दिशेला नेते, क्षमस्व. माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. सुरुवातीच्या दिवसांत ते आमच्या तिघी बहिणींचे कपडे अदलाबदल करून सांगायचे. "निळा घालून आली होती ती तू ना?" निळा ड्रेस खरा असायचा, पण दुसरीचा. आम्ही तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं. याचा तुमच्या विषयाशी संबंध आहे का? आणि माझ्या सासूबाईही आता सत्तरीच्या आहेत, त्या असं काही बोलल्या की पोटात गोळा येतो.

मज्जापेशी

ताई, क्षमा कसली, बरं झालं विचारलंत.

संबंध आहे. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात काही कुटुंबांत एका जनुकातल्या बदलामुळे अल्झायमर फार लवकर, चाळिशी-पन्नाशीत येतो. मारिओ पार्रा, सर्जिओ डेला साला, फ्रान्सिस्को लोपेरा आणि इतरांनी 2010 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात लिहिलं की, तो बदल असलेल्या पण अजून कुठलंही लक्षण नसलेल्या माणसांनाही वस्तू आणि रंग यांची जोडी काही सेकंद धरून ठेवणं जड जात होतं. सुटे रंग, सुट्या वस्तू त्यांना नीट आठवत. नेहमीच्या स्मृतिचाचण्यांत ती माणसं ठीकच होती.

पण तुमच्या बाबांचं ते वाक्य याच प्रकारातलं होतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही सांगताय ती आठवण तासांनंतरची किंवा दिवसांनंतरची, आणि ही चाचणी सेकंदांची, पडद्यावरची. घरी कपड्यांचे रंग विचारून ती करता येत नाही, कृपया कुणी करूही नका. तेव्हा "वय झालं" असं वाटलं यात तुमचा काहीच दोष नाही. घरातल्या कुणालाही ते वेगळं ओळखता आलं नसतं.

सासूबाईंबद्दल: ब्रॉकमोल, पार्रा, डेला साला आणि लोगी यांनी 2008 मध्ये निरोगी तरुण आणि निरोगी वयस्कर यांची तुलना केली. वयाबरोबर नजरेची स्मृती एकूणच कमी होते, पण रंग-आकाराची जोडी त्याहून खास जास्त बिघडते असं दिसलं नाही. एखादी अदलाबदल आपण सगळेच करतो, हा अख्खा धागा त्याचाच आहे. त्या रोजचे व्यवहार, औषधं, पैशांचा हिशेब पूर्वीसारखा सांभाळत असतील तर एका वाक्यावरून घाबरू नका. त्यात बदल दिसला तर मात्र न्यूरॉलॉजिस्टकडे एकदा न्या, आणि काय बदललं ते तारखेनिशी लिहून न्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

सातारारोड_अनामिका

मनापासून आभार. हिशेब त्या माझ्यापेक्षा चोख ठेवतात. वहीत तारखा लिहायला आजपासून सुरुवात करते.